पिचर आणि त्याचा प्रेक्षक



वेदान्तापासून अंदाजपत्रकापर्यंत सगळ्या विषयांना या व्याख्यानमालेत आजवर जागा मिळाली आहे. तरीही आम्ही आमचा विषय कळविला तेव्हा चालकांपैकी एका गृहस्थांनी विचारले, "बेसबॉल? आणि तोही हरणाऱ्या पिचरविषयी?" शंका रास्त आहे. बेसबॉल आपल्याकडे शाळा-कॉलेजांच्या स्पर्धांतून खेळला जातो, नाही असे नाही. पण ज्याला लोकांचे वेड म्हणावे ते आपल्याकडे क्रिकेटचे. बेसबॉलचे वेड पाहावे तर अमेरिकेत, जपानात किंवा क्यूबात. इतक्या दूरचा विषय आम्ही निवडला, याला कारण एक प्रश्न आहे. अमेरिकेतल्या कोणत्या ना कोणत्या मैदानावर उन्हाळ्यात रोज संध्याकाळी कोणी तरी तो ओरडून विचारीत असतो: "याला अजून का ठेवला आहे?" विचारणाऱ्याला उत्तर नको असते, त्याला तो पिचर नको असतो. पण प्रश्न म्हणून त्याकडे पाहिले तर तो फार अवघड आहे, आणि तो फक्त बेसबॉलपुरता आहे असेही आम्हांस वाटत नाही. तथापि आज आम्ही बेसबॉल सोडून बाहेर जाणार नाही.

प्रथम खेळाची थोडी ओळख करून देणे भाग आहे. आपणां बहुतेकांस क्रिकेट ठाऊक आहे, तेव्हा तोच धागा धरू. क्रिकेटच्या दोन यष्ट्यांमध्ये २२ यार्ड, म्हणजे ६६ फूट अंतर असते. बेसबॉलचा पिचर ६० फूट ६ इंचांवरून चेंडू टाकतो. हे अंतर १८९३ साली ठरले आणि अजून तेच आहे. तो मातीच्या एका उंचवट्यावर उभा राहतो. हा उंचवटा पूर्वी १५ इंच होता, १९६९ पासून १० इंच आहे. त्याने चेंडू टप्पा न पाडता १७ इंच रुंदीच्या एका पांढऱ्या पाटावरून, फलंदाजाच्या गुडघ्यांपासून साधारण छातीपर्यंतच्या उंचीत न्यायचा. तिथून गेला आणि फलंदाजाला मारता आला नाही, किंवा त्याने मारला नाही, तर स्ट्राइक. तीन स्ट्राइक झाले की फलंदाज बाद. तिथून गेला नाही आणि फलंदाजाने बॅट हलविली नाही तर 'बॉल'. चार बॉल झाले की फलंदाज काही न करता चालत पहिल्या बेसवर जातो. याला वॉक म्हणतात. प्रेक्षकाला संताप आणणारी या खेळात याहून दुसरी गोष्ट नाही. कोणी चेंडू मारून सीमेपार घालविला तर निदान त्याने मारला असे म्हणता येते. वॉक म्हणजे दार उघडून चोराला पाट मांडून बसविणे.

१९६४ च्या जानेवारीत मद्रासला आपल्या बापू नाडकर्ण्यांनी इंग्लंडविरुद्ध ३२ षटके टाकली, त्यांतली २७ निर्धाव आणि धावा फक्त ५. सलग २१ षटकांत एकही धाव नाही. नाशिकचा हा गोलंदाज कितीही वेळा तोच टप्पा, तीच रेघ धरू शकत असे. बेसबॉलच्या पिचरकडून लोक जे मागतात ते हेच. वेग कमी असला तरी चालेल, पण चेंडू जिथे टाकायचा तिथे पडला पाहिजे.

मात्र एका बाबतीत दोन्ही खेळ फार वेगळे आहेत, आणि आमच्या विषयाचे मूळ तिथे आहे. क्रिकेटमध्ये एखाद्याला मार बसू लागला तर कप्तान त्याला सीमारेषेवर उभा करतो आणि दुसऱ्याच्या हाती चेंडू देतो. तासाभराने त्यालाच परत बोलावतो. मधल्या वेळात त्याची लाज झाकली जाते. बेसबॉलमध्ये तसे नाही. सुरुवातीचा पिचर ज्या दिवशी टाकणार तो दिवस आधीच ठरलेला आणि जाहीर झालेला असतो. आजकाल पाच पिचर आळीपाळीने सामने सुरू करतात, म्हणजे दर पाचव्या दिवशी एकाची वेळ येते. १६२ सामन्यांच्या हंगामात एकाच्या वाट्याला तीस-बत्तीस सामने येतात. त्या दिवशी त्याने चेंडू टाकल्याशिवाय मैदानावर काहीच घडत नाही. बाकीचे आठ जण त्याच्याकडे पाहत उभे. त्याला काढला तर त्या सामन्यात तो परत येऊ शकत नाही. आणि काढण्याची रीत तर पाहा. संघाचा मॅनेजर, हा बहुधा उतारवयाचा गृहस्थ असतो, सावकाश चालत मैदानाच्या मध्यापर्यंत जातो आणि हात पुढे करतो. पिचर चेंडू त्याच्या हातात ठेवतो आणि मान खाली घालून बाकाकडे चालू लागतो. तीस हजार माणसे ते चालणे पाहत असतात. आम्हांला तर वाटते, शाळेत वर्गाबाहेर उभे करण्याची शिक्षा याच्यापुढे काहीच नव्हे.

आमचा एक भाचा पिट्सबर्गला असतो. अॅलेगेनी आणि मोनोंगहेला या दोन नद्या तिथे मिळतात आणि ओहायो नदी सुरू होते. कऱ्हाडच्या माणसाला संगमाचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. या संगमाजवळच तिथल्या पायरेट्स संघाचे मैदान आहे. भाच्याने आम्हांला तिथे नेले त्या दिवशी सुरुवातीचा पिचर असा एक तरुण होता की, त्याचे नाव घेण्याचे आम्हांस कारण नाही. भाच्याने पहिल्या डावापूर्वीच जाहीर केले, "मामा, हा माणूस माझा उन्हाळा खाणार आहे." तिसऱ्या डावात तिन्ही बेस भरलेले असताना त्या तरुणाने चार बॉल टाकले आणि एक धाव फुकट गेली. मैदानभर एक लांब, खालच्या पट्टीतला हूऽऽ आवाज उठला. भाचा उभा राहून दोन्ही हात पसरून म्हणाला, "सांगा मामा, याला अजून का ठेवलाय?" आमच्या शेजारी एक म्हातारे अमेरिकन गृहस्थ मांडीवर पुठ्ठा ठेवून पेन्सिलीने प्रत्येक चेंडूची नोंद करीत होते. त्यांनी मान वर केली नाही. पण पुढच्याच फलंदाजाला त्या तरुणाने तीन चेंडूंत बाद केले, तेव्हा सगळ्यांच्या आधी टाळी वाजली ती भाच्याची. शत्रूच्या पिचरला कोणी असे शिव्या देत नाही आणि त्याच्यासाठी असे उठून टाळ्याही देत नाही. घरच्या मुलावर माणूस रागावतो तसा हा राग आहे, एवढे आमच्या त्या वेळी ध्यानात आले.

या रागाला खेळाच्या वहीतून खतपाणी मिळते. क्रिकेटमध्ये सामना हरला तर संघ हरतो. बेसबॉलमध्ये प्रत्येक पराभव एका पिचरच्या नावावर लिहिला जातो आणि प्रत्येक विजयही. वर्षाच्या शेवटी त्याच्या नावापुढे दोन आकडे राहतात, इतके जिंकले, इतके हरले. जणू बाकीचे आठ जण साक्षीदार म्हणून उभे होते! प्रेक्षक हे दोन आकडे वाचतो आणि त्याप्रमाणे प्रेम किंवा राग करतो.

या वहीने काय होऊ शकते याचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे न्यूयॉर्कच्या मेट्स संघाचा अँथनी यंग. ६ मे १९९२ पासून २४ जुलै १९९३ पर्यंत त्याच्या नावावर सलग २७ पराभव लिहिले गेले. पूर्वीचा विक्रम क्लिफ कर्टिस नावाच्या पिचरचा, १९१०-११ मधला, २३ पराभवांचा होता. आता कोणी म्हणेल, हा यंग अगदीच कुचकामी असला पाहिजे. पण १९९३ साली त्याने नऊ डावांमागे दिलेल्या धावा सरासरीने ३.७७ होत्या, आणि असा आकडा असलेला पिचर कोणत्याही संघात चालतो. त्याची त्या वर्षाची नोंद मात्र १ विजय, १६ पराभव. संघच तसा होता. मेट्स त्या वर्षी १०३ सामने हरले. मधल्या काळात, १९९२ साली, त्याला शेवटच्या डावांचे काम दिले तेव्हा त्याने १५ सामने राखून दिले होते, पण राखलेला सामना विजयाच्या रकान्यात जात नाही.

आणि प्रेक्षकांनी काय केले? आम्हांला ही गोष्ट फार आवडते. लोक त्याला सशाचे पाय, चार पानांची क्लोव्हरची डहाळी अशा शुभचिन्हांच्या वस्तू टपालाने पाठवू लागले. अमेरिकेसारख्या यंत्रप्रधान देशात! आपल्याकडे दृष्ट काढतात त्यातलाच हा प्रकार. २८ जुलै १९९३ च्या रात्री यंग नवव्या डावात बरोबरी असताना आला. त्याच्या डावात क्षेत्ररक्षणातल्या चुकीने एक धाव गेली आणि संघ मागे पडला. २८ वा पराभव दारात येऊन उभा राहिला. मग मेट्सनी आपल्या डावात दोन धावा काढल्या आणि सामना ५-४ असा जिंकला. वहीत विजय लिहिला गेला तो यंगच्या नावावर. ज्या रात्री त्याच्यासमोर संघ मागे पडला तीच रात्र त्याच्या विजयाची ठरली. पंचवीस वर्षांनी, २०१८ साली, याच मेट्सच्या जेकब डीग्रॉमने नऊ डावांमागे केवळ १.७० धावा दिल्या आणि त्याच्या नावावर फक्त १० विजय आले, ९ पराभव. पण तोवर लोक शहाणे झाले होते. वर्षाच्या उत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार त्यालाच मिळाला. अँथनी यंगच्या वेळी हे शहाणपण नव्हते. तो २०१७ साली, ५१ व्या वर्षी वारला.

वही खोटे सांगते एवढ्यावर थांबता आले असते तर प्रश्न सोपा होता. प्रेक्षकाला सांगितले असते, बाबा रे, हे दोन आकडे पाहू नकोस, खोलातले पाहा. पण आता आम्ही ज्या माणसाकडे वळतो आहोत त्याच्या बाबतीत वही खरे सांगत होती. वरवरचे आकडे वाईट होते, खोलातले त्याहून वाईट होते.

हा स्टीव्ह ब्लास, पिट्सबर्गचा. १९७१ च्या अंतिम मालिकेत बॉल्टिमोरविरुद्ध त्याने दोन सामने एकट्याने पूर्ण टाकून जिंकले. दुसरा तर सातवा आणि निर्णायक होता, २-१ असा. त्या मालिकेचा मानकरी रॉबर्टो क्लेमेंटे ठरला, पण शेवटच्या सामन्याचा चेंडू ब्लासच्या हातात होता. पुढच्या वर्षी, १९७२ साली, त्याने १९ सामने जिंकले, ८ हरले. नऊ डावांमागे धावा २.४९. साय यंग पुरस्काराच्या मतदानात तो दुसरा आला. वय तीस. म्हणजे पिचरच्या आयुष्यातली ऐन दुपार.

१९७३ च्या हंगामात त्याला चेंडू टाकता येईना.

हात दुखत नव्हता. वेग गेला नव्हता. सरावात, प्रेक्षक आणि फलंदाज नसताना, चेंडू पूर्वीसारखाच जात होता. सामन्यात फलंदाज समोर उभा राहिला की चेंडू कुठे जाईल ते ब्लासलाही सांगता येत नसे. आकडे पाहा. १९७२ साली त्याने सुमारे २५० डावांत ८४ फलंदाजांना फुकट चालू दिले होते. १९७३ साली पुन्हा बरोबर ८४ च, पण ८८⅔ डावांत! नऊ डावांमागे ९.८५ धावा, ३ विजय, ९ पराभव. जूनमध्ये अटलांटाच्या एका सामन्यात तो मध्येच आला आणि डाव-सव्वाडावात सहा वॉक आणि तीन वाइल्ड पिच, म्हणजे कॅचरच्याही हाती न लागणारे चेंडू, टाकून बसला. ज्याने दोन वर्षांपूर्वी साऱ्या देशासमोर निर्णायक सामना जिंकला होता तो हाच, हे पाहणाऱ्यांना पटेना.

कारणे पुष्कळांनी शोधली. १९७२ च्या ३१ डिसेंबरला क्लेमेंटे निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन जाताना विमान अपघातात गेला होता. तो ब्लासचा सहकारी आणि संघाचा आधार. त्याच्या स्मरणार्थ भरलेल्या सभेत ब्लास बोललाही होता. हे दुःख मनात बसले असेल असे काहींचे म्हणणे पडले. काहींना वाटले, यशाची भीती. काहींना वाटले, फलंदाजाला चेंडू लागून इजा होईल ही भीती. ब्लासने स्वतः उपाय करायचे बाकी ठेवले नाहीत. चित्रफिती पाहिल्या, मानसोपचार केले, संमोहन झाले. आणि आपणांस मौज वाटेल, महर्षी महेश योगींचे भावातीत ध्यानही करून पाहिले. आमच्याकडचा मालही तिथे उपयोगी पडला नाही, हे कबूल केले पाहिजे. प्रेक्षकांची पत्रे येत. एकाने सैल अंतर्वस्त्रे घालण्याचा सल्ला दिला होता. हसू नका, ब्लासने तेही करून पाहिले. ज्याच्या अंगातून असे एकाएकी सगळे निघून जाते, तो माणूस कोणताही सल्ला टाकून देत नाही.

आता प्रेक्षकाच्या बाजूने पाहा, कारण त्याची बाजूही खरी आहे, आणि ती मांडायला कोणी येत नाही. पिट्सबर्ग तेव्हा पोलादाचे शहर होते. दिवसभर भट्टीपुढे उभा राहिलेला कामगार पदरचे पैसे मोडून संध्याकाळी मैदानावर येतो. त्याला दोन वर्षांपूर्वीचा विजय आठवतो. १९७३ साली त्या विभागात कोणीच धड खेळत नव्हते. मेट्स ८२ सामने जिंकून पहिले आले. पिट्सबर्गचे विजय ८०. फरक अडीच सामन्यांचा! आदल्या वर्षी ब्लासने १९ जिंकले होते, या वर्षी ३. हे सोळा विजय कुठे गेले, हे कळायला त्या कामगाराला गणिताची पदवी नको होती. "त्याला मे महिन्यातच काढले असते तर?" हा प्रश्न त्याने हिवाळाभर घरी बसून विचारला असेल तर त्यात वावगे काय? सप्टेंबरात मॅनेजर बिल व्हर्डन याची नोकरी गेली. माणसाचा राग जिथे पोचू शकत नाही तिथे व्यवस्थेची कुऱ्हाड पोचली, आणि ती पडली ती दुसऱ्याच माणसावर.

मग ब्लासला का ठेवला? याचे उत्तर आम्ही दुसऱ्या एका पिचरच्या गोष्टीतून देऊ.

सँडी कोफॅक्स हा ब्रुकलिनचा डावखुरा मुलगा. १९५४ साली तिथल्याच डॉजर्स संघाने त्याला १४ हजार डॉलर देऊन घेतले. त्या काळी नियम असा की, इतका मोठा बोनस दिलेल्या मुलाला दोन वर्षे मुख्य संघातच ठेवायचे, शिकायला खालच्या संघात पाठवायचे नाही. म्हणजे पोहायला शिकण्यापूर्वीच त्याला डोहात टाकले. त्याचा वेग भयंकर आणि चेंडू कुठेही. १९५५ ते १९६० या सहा वर्षांत ३६ विजय, ४० पराभव. संघ मधल्या काळात लॉस एंजेलिसला गेला, पण कोफॅक्सचे तेच चालू राहिले. १९६० च्या हंगामानंतर तो खेळ सोडून देण्याच्या विचारात होता. १९६१ च्या वसंतात, फ्लॉरिडातल्या एका सरावाच्या सामन्यात, कॅचर नॉर्म शेरी याने त्याला सांगितले की, इतक्या जोराने टाकू नकोस, थोडा आवर, नेमका टाक. बस. त्या वर्षी त्याने २६९ फलंदाज स्ट्राइकवर बाद केले आणि तो नॅशनल लीगमधला विसाव्या शतकातला विक्रम झाला. पुढे १९६३, १९६५ आणि १९६६ असे तीन वेळा त्याला साय यंग पुरस्कार मिळाला. ९ सप्टेंबर १९६५ ला त्याने एकाही विरोधी खेळाडूला बेसवर पाय ठेवू न देता पूर्ण सामना टाकला. १९६६ मध्ये सांधेदुखीने, तिसाव्या वर्षी, शिखरावर असतानाच तो निवृत्त झाला.

डॉजर्सच्या प्रेक्षकांनी त्या सहा वर्षांत काय काय म्हटले असेल याची कल्पना आपण करू शकता. आणि त्यांनी म्हटलेले प्रत्येक वाक्य त्या दिवसापुरते खरे होते.

असाच दुसरा रॉय हॅलडे, टोरांटोचा. २००० साली त्याने नऊ डावांमागे १०.६४ धावा दिल्या; हंगामात ५० किंवा अधिक डाव टाकणाऱ्यांत इतका वाईट आकडा त्यापूर्वी कोणाच्याच नावावर नव्हता. ब्लासच्या १९७३ पेक्षाही वाईट, हे लक्षात घ्या. पुढच्या वसंतात त्याला थेट खालच्या पायरीवर, डनीडिनच्या संघात, नेऊन टाकले. तिथे मेल क्वीन नावाच्या शिक्षकाने त्याचा हात टाकण्याचा कोन बदलला, डोक्यावरून येणारा हात थोडा बाजूने आणला. २००३ मध्ये त्याला साय यंग मिळाला, २०१० मध्ये दुसऱ्यांदा. त्या २०१० च्या मे महिन्यात त्याने कोफॅक्ससारखाच निर्दोष सामना टाकला आणि ऑक्टोबरात, बाद फेरीच्या पहिल्याच सामन्यात, एकही हिट न देता आणखी एक.

आता मुद्दा इतकाच. १९६० चा कोफॅक्स, १९७३ चा ब्लास आणि २००० चा हॅलडे हे तिघे एका रांगेत उभे करा. तिघांचेही चेंडू भरकटत आहेत, तिघेही मान खाली घालून बाकाकडे चालत आहेत, तिघांवरही लोक ओरडत आहेत. यांतले दोघे पुढे आपल्या काळातले श्रेष्ठ पिचर होणार आहेत आणि एकजण कायमचा संपला आहे. कोणता कोण, हे त्या दिवशी कोणालाही सांगता येत नाही. प्रेक्षकाला नाही, मॅनेजरला नाही, खुद्द पिचरला तर नाहीच. उलट, मागचा इतिहास पाहून पैज लावायची असती तर आम्ही ब्लासवर लावली असती, कारण त्याने करून दाखविले होते. कोफॅक्सने सहा वर्षांत काहीच दाखविले नव्हते.

चौथीही एक शक्यता असते, आणि ती तर डोळ्यांना दिसतच नाही. कोपराच्या आतला एक लहानसा अस्थिबंध फाटलेला असतो. १९७४ साली डॉजर्सचा टॉमी जॉन याचा असा अस्थिबंध गेला. २५ सप्टेंबरला डॉक्टर फ्रँक जोब यांनी त्याच्या दुसऱ्या हातातला स्नायूबंध काढून तिथे बसविला. यश येण्याची शक्यता डॉक्टरांच्या मते शंभरात एक. टॉमी जॉन १९७६ मध्ये परत आला, १९८९ पर्यंत खेळला, आणि शस्त्रक्रियेनंतर त्याने १६४ सामने जिंकले. आता ती शस्त्रक्रिया त्याच्याच नावाने ओळखली जाते. कित्येक पिचर दुखणे लपवून टाकीत राहतात, जागा जाईल म्हणून. आणि वर बसलेला प्रेक्षक म्हणतो, याचे लक्ष नाही, याला पैसा चढला.

पैशाचे म्हणाल तर तेही एक कारण आहे, ते लपविण्यात अर्थ नाही. अमेरिकेत पिचरशी झालेला करार पाळावा लागतो. काढून टाकला तरी पैसे द्यावेच लागतात. पाच वर्षे मुख्य संघात काढलेल्याला त्याच्या संमतीवाचून खालच्या संघात पाठविता येत नाही. तेव्हा एखादा पिचर दर पाचव्या दिवशी दिसतो तो कधी कधी संघमालकाच्या श्रद्धेमुळे नव्हे तर त्याच्या हिशेबवहीमुळे. प्रेक्षकाला हे बरोबर कळते आणि अशा वेळचा त्याचा राग आम्हांला पूर्ण मान्य आहे. फक्त तो राग ज्याच्या कानांवर पडतो त्याने करार एकट्याने केलेला नसतो.

हू करावी की करू नये, असा प्रश्न आम्हांला एका स्नेह्यांनी विचारला. आम्ही संन्यासी नाही. पैसे देऊन आलेल्या माणसाने मुक्याने बसावे असे आमचे म्हणणे नाही. ज्या खेळात कोणी ओरडत नाही तो खेळ मेला म्हणून समजावे. पण हू आणि हू यांत फरक असतो. वॉक पाहून उठलेला आवाज त्या वॉकविषयी असतो. तो माणूस पुढच्या पाचव्या दिवशी उंचवट्यावर चढण्यापूर्वीच, एकही चेंडू पडण्यापूर्वी जो आवाज उठतो, तो मात्र खेळाविषयी नसतो. अँथनी यंगला सशाचे पाय पाठविणारे लोकही रागावलेले होतेच. २७ पराभव हसत कोण पाहील? पण आपला राग कोणत्या पाकिटात घालून पाठवावा हे त्यांना कळले होते.

ब्लासची गोष्ट राहिली. १९७४ च्या एप्रिलमध्ये शिकागोला त्याला आणखी एक सामना मिळाला. सुरुवातीचा नव्हे, मधला. पाच डाव, आठ धावा, सात वॉक. त्यानंतर त्याने चार्ल्स्टनच्या खालच्या संघात जाऊन पाहिले. लहान गावांतल्या मैदानांवर तेच होत राहिले. १९७५ मध्ये, तेहतिसावे वर्ष भरण्यापूर्वीच, त्याने खेळ सोडला. पिचरला एकाएकी नेम न साधण्याचे हे जे दुखणे आहे त्याला अमेरिकेत त्याचेच नाव पडले. नव्या मुलाचे दोन-चार चेंडू भरकटले की शिक्षक दबक्या आवाजात म्हणतात, ब्लासचा रोग तर नव्हे?

आणि ब्लास स्वतः? १९८३ पासून तो पिट्सबर्गच्याच सामन्यांचे रेडिओ आणि टेलिव्हिजनवर वर्णन करू लागला आणि २०१९ पर्यंत करीत राहिला. त्या काळात, १९९३ पासून २०१२ पर्यंत, पायरेट्स संघाचे सलग वीस हंगाम पराभवांचे गेले. अमेरिकेतल्या मोठ्या खेळांत कोणत्याही संघाचे सलग इतके वाईट हंगाम तोवर गेले नव्हते. किती तरुण पिचर त्या वीस वर्षांत त्या उंचवट्यावर चढले, चार-चार बॉल टाकून खाली उतरले आणि पुन्हा दिसले नाहीत! पिट्सबर्गचा रागावलेला माणूस घरी किंवा मोटारीत बसून "याला अजून का ठेवला आहे?" असे ओरडत असे, तेव्हा त्या पिचरविषयी रेडिओवरून जो आवाज त्याला सांगत असे तो पुष्कळदा स्टीव्ह ब्लासचा असे.